समोरचा जिथं, तिथं मावशी

थोरली मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी माणसं बघायची नाही, बैठक बघायची. घरधनी कुठे बसलाय, खुर्चीवर, पलंगावर की खाली चटईवर, हे उंबऱ्यातच तिच्या ध्यानात यायचं आणि मग ती तशीच जागा स्वतःसाठी मागायची. तो खाली असला तर ही त्याच्यापुढे फतकल मारून खाली. तो खुर्चीवर असला आणि हिच्यासाठी कुणी पोतं अंथरलं, तर ही उभीच. "खुर्ची न्हाई का घरात?" एवढंच विचारायची, तेही पाणी मागावं तितक्या साध्या आवाजात. नेवाशाजवळच्या आमच्या आजोळच्या गावात त्यामुळे तिचं नाव 'कलेक्टरीण' पडलं होतं. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं, हिला झोंबेल. तिला ते आवडायचं.

"समोरचा जिथं, तिथं मी," हा तिचा कायदा. गावाला वाटे बाईला खुर्चीचा सोस आहे. तिच्या स्वतःच्या घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बहुतेक वेळ धुतलेल्या कपड्यांचा ढीग असे. मावशीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उभं आयुष्य खुरपणी, कांदे काढणी आणि नंतर अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेलं. म्हणजे दिवसभर ती जमिनीलाच असायची, उकिडवी नाहीतर मांडी घालून, अंगणवाडीतली चार पोरं अंगाखांद्यावर घेऊन. एकदा एका बागायतदारीणबाईने बांधावरून टोमणा मारला, की आता कशी खाली बसलीस गं कलेक्टरीण. मावशी खुरपं न थांबवता म्हणाली, "कामाला खाली बसते मी. बोलायला न्हाई."

हे कुठून आलं ते तिने कधी सांगितलं नाही. मला ते आईकडून कळलं. आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. दोघी लहान असताना आजोबा त्यांना घेऊन गावातल्या बड्या घरी काही कामासाठी गेले होते. आमच्या घरात बुद्धवंदना सुरू झाली होती, पण गावात गेलं की आजोबा अजून पायरीच्या खालीच बसत. मावशी चालून दमली होती. ओट्यावर बाज होती, तिच्या कडेला ती टेकली. घरातली बाई रागावली नाही, हाकललं नाही. उलट दोघींच्या हातावर गूळ ठेवला. परत फिरताना मावशीने मागे वळून पाहिलं तर ती बाई बाजेवर तांब्याने पाणी ओतत होती. आई म्हणते, मी गूळ खाल्ला, आक्काने वाटेत टाकून दिला.

पुढे बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा मावशी ग्रामपंचायतीत निवडून आली. पहिल्याच बैठकीला पुरुष सदस्य खुर्च्यांवर आणि दाराशी सतरंजी, तिच्यावर डोक्यावरून पदर घेतलेल्या दोन सदस्य बायका. मावशी आत आली, बघितलं आणि परत गेली. लोकांना वाटलं रुसली. ती शेजारच्या शाळेतून गुरुजींची खुर्ची डोक्यावर घेऊन आली. ग्रामसेवक समजुतीच्या सुरात म्हणाला की बाई, सह्या करायला खालीच बरं पडतं. "मंग तुमी या खाली," मावशी म्हणाली, "मला वर जायाची हौस न्हाई." पुढच्या बैठकीला तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती, आणि खुर्चीचा एक पाय मोडका होता. मावशीने बाहेरून दगड आणून त्याखाली लावला आणि मुदत संपेपर्यंत त्याच खुर्चीवर बसून गटारीच्या निधीवरून भांडली.

माझ्या आईला या सगळ्याची फार लाज वाटायची. आई कुठेही गेली की चपलांजवळची जागा बघून बसते, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत आला नाही तरी हाक मारत नाही. मावशीबरोबर कुठे जायचं म्हटलं की, "आक्का, आज तरी काढू नको खुर्चीचं," असं ती वाटेतच विनवायची. आक्का ऐकल्यासारखं करायची आणि दारात गेल्यावर काढायचीच.

मग मावशीचा खुबा दुखायला लागला. कधी लागला, हे आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नाही, कारण तिने ते लपवलं. मी संगमनेरला कॉलेजात शिकवते. सुट्टीत गेले की मला वाटायचं मावशी थोडी झुकून चालतेय. विचारलं तर चप्पल चावते म्हणायची. पुढच्या वेळी चप्पल नवी होती आणि झुकणं जास्त होतं. जमिनीवरून उठताना ती आधी कुशीवर वळायची, मग दाराची चौकट धरायची आणि चेहऱ्यावर काही न दाखवता उभी राहायची. एकदा मी हात द्यायला गेले तर फटकन झिडकारला. शेवटी भांडण काढूनच तिला बोलतं केलं, तेव्हा म्हणाली, "पाय दुखतो म्हनून समजलं तर समदे काय म्हनतील? म्हातारी लंगडी हाय म्हनून खुर्ची मागती. आजवर मागितली ती बी लंगडीचीच ठरंल."

दुखणं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी खर्चाला भितं, कुणी सुईला भितं. ही बाई आपलं जन्माचं भांडण एका हाडाच्या खाती जमा होईल म्हणून घाबरली होती, आणि त्यापायी तिने ते हाड झिजू दिलं. मला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त गावाचा आला, कारण तिचा अंदाज शंभर टक्के खरा होता.

आई आणि मी तिला नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाहेर बाकावर माणसं दाटीने बसलेली, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट. आमचा नंबर लागला. आत डॉक्टरांची उंच पाठीची फिरती खुर्ची आणि समोर पेशंटसाठी बिनपाठीचं बुटकं स्टूल. मावशी स्टुलाकडे बघत उभी राहिली. आईने डोळे मिटून घेतले. पण मावशीने तोंड उघडायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, स्टुलावर नका बसू. बुटकं आहे, खुब्याला त्रास होईल. सिस्टर, खुर्ची आणा बाहेरून." खुर्ची आली. मावशी बसली, पण तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला हटकून बाहेर काढलंय.

डॉक्टर माणूस चांगला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण या गोष्टीत एखादा दुष्ट डॉक्टर असता तर मला फार सोपं गेलं असतं. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा चेंडूसारखा गोल हवा, तो चेपून सपाट झालाय. तो ज्यात बसतो ती वाटीही खराब झालीय. औषधाने आता काही होणार नाही, सांधा बदलावा लागेल. इतकी वर्षं तुम्ही चालत तरी कशा होतात, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, कामं हुती.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं आणि उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं तेव्हा ती चकित होऊन म्हणाली, की दुखत न्हाई गं. तिला रडू आलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. सुट्टी देताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून खालचं उचलायचं नाही. निदान पहिले काही महिने जमिनीवर अजिबात बसायचं नाही, आणि खरं म्हणजे पुढेही नाहीच. संडासाला खुर्चीचं भांडं आणि बसायला कायम खुर्ची, तीही उंच. आई पदराआड हसली. मीही हसले. म्हटलं, घे, आता तुझा कायदा डॉक्टरांनीच लिहून दिला.

मावशी हसली नाही. तिने विचारलं, "आन् जिथं समदे खाली बसल्यात तिथं?"

"तिथेही खुर्चीच घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "तुमचं वय झालंय, ऑपरेशन झालंय. कोण काय म्हणणार आहे?"

"कोन म्हनतंय ते न्हाई इचारत मी," ती म्हणाली. "समदे खाली आन् मी एकटी वर. मंग त्यांच्यात आन् माज्यात काय ऱ्हायलं?"

'त्यांच्यात' म्हणजे जन्मभर वर बसलेल्यांच्यात, हे डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी प्रेमाने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

गावात परतल्यावर जे झालं त्याची तिला आधीच भीती होती. जन्मभर जिथे खुर्ची मागितल्यावर भुवया चढल्या, त्या घरांत आता ती अंगणात दिसताच आरोळी उठायची, की अरे खुर्ची आणा, म्हातारीच्या पायाचं ऑपरेशन झालंय. बांधावरून टोमणा मारणारी ती बागायतदारीण तर खुर्चीवर उशी ठेवायला लागली. सगळे चांगले वागत होते. गावाला दया करायला फार आवडतं. त्यात आपल्याला कुणाला काही द्यावं लागत नाही आणि पदरात पुण्य पडतं. मावशी त्या उशीवर अंग चोरून बसायची आणि चहा अर्धा टाकून उठायची. एकदा घरी येऊन वॉकर भिंतीवर आपटत मला म्हणाली, "भांडून भांडून तोंड फाटलं तवा न्हाई दिली. हाड कापल्यावर दिली. ही माजी खुर्ची न्हाई, तंगडीची हाय."

आणि आमच्या वस्तीत उलटाच पेच. पौर्णिमेला विहारात वंदनेला सगळे खाली बसतात, मूर्तीपुढे लहानथोर एका जमिनीवर. साऱ्या गावात हीच एक जागा होती जिथे मावशीला बैठक तपासावी लागत नसे. आता पोरांनी तिच्यासाठी भिंतीजवळ खुर्ची ठेवली. ती बसली नाही. वंदना संपेपर्यंत वॉकर धरून मागे उभी राहिली. लोकांना वाटलं, म्हातारीची श्रद्धा केवढी. मी तिला समजावलं, की अगं, ही काही मानाची खुर्ची नाही, औषधासारखी घे. ती म्हणाली, "खाली बसनाऱ्याला वरचं सगळं सारकंच दिसतं गं. मान असू दे का औशिद."

ऑपरेशनला दोन महिनेही झाले नसतील, तेव्हा शेजारची गंगूबाई वारली. गंगूबाई आणि मावशी एका वयाच्या, एका खुरपणीच्या टोळीतल्या. दुपारची भाकरी दोघींनी कायम एकाच फडक्यातून खाल्लेली. मावशी वॉकर टेकत गेली. ओसरीत गंगूबाईला ठेवलेलं, भोवती बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. गंगूबाईच्या मुलाने डोळे पुसत पुसत मावशीसाठी खुर्ची आणून मयताच्या उशाशी ठेवली. आई तिथेच होती, तिने मला सगळं सांगितलं. मावशीने त्या खुर्चीकडे बघितलं, मग खाली गंगूबाईकडे बघितलं. वॉकर बाजूला सारला आणि चौकट धरून, सवयीने, ती खाली बसली. मांडी घालून. गंगूबाईची लेक तिच्या कुशीत शिरली. आई म्हणाली, मी आक्काला 'ऊठ' म्हणायला गेले, पण ती इतकी मोकळी रडत होती की मी तशीच मागे सरले.

उठताना सांधा निखळला. शेजारच्या बायकांनी आवाज ऐकला. पाय आत वळला, आखूड झाला आणि मावशी ओरडली. मयताच्या घरी रडणाऱ्या बायका आता दोघींसाठी रडायला लागल्या. तिला जीपमध्ये आडवी घालून नगरला नेलं. मी संगमनेरहून थेट तिथे पोचले.

भूल देऊन सांधा जागेवर बसवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले ते चिडलेले होते. इतकं चांगलं झालेलं ऑपरेशन, सगळं समजावून सांगितलेलं, आणि तुम्ही मांडी घालून बसता? मावशी छताकडे बघत म्हणाली, "मयताच्या घरी खुर्चीत बसून रडता येतं का, डाक्टर?"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्या पलंगाशी बसले. "येतं, मावशी," ते म्हणाले. "माझी आई रडली होती. वडील गेले तेव्हा तिचेही गुडघे गेलेले होते."

मावशीने मान त्यांच्याकडे वळवली. "त्यांचं बराबर हाय," ती म्हणाली. "त्यांना कुनी कदी खाली बशीवलं नसंल."

डॉक्टर उठले. पथ्यांचा कागद त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला. मला त्यांची कीव आली आणि मावशीचा अभिमान वाटला. पण अभिमानाने सांधा जागेवर राहत नाही. पुढे तो पलंगावरून उतरताना पुन्हा निखळला, मग पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, मोठं. जखम चिघळली. ती बरी झाली तोवर पायातला जोर गेला होता. त्यानंतर मावशी अंगणापलीकडे कधी चालली नाही.

तिने लोकांकडे जाणं बंद केलं. न्यायला गाडी पाठवली तरी नाही. जिथे बरोबरीने बसता येत नाही तिथे जायचंच कशाला, असं म्हणून मोकळी व्हायची. आता ती दिवसभर लाकडी ठोकळ्यांवर उंच केलेल्या पलंगावर असायची आणि भेटायला येणारी आमचीच माणसं, जन्माची सवय, येऊन खाली फरशीवर बसायची. त्याने तिचा जळफळाट व्हायचा. वर बसा म्हणून ओरडायची. माणसं हसून म्हणायची, हितंच बरं हाय. आई रोज तिच्या पलंगाखाली बसून शेंगा फोडायची. "रत्ने, तू तरी वर ये," मावशी म्हणायची. आईचं उत्तर ठरलेलं, की मला खालीच बरं वाटतं आक्का. शेवटी शेवटी मावशी भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. तिला काय सलतंय हे मला दिसत होतं आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं. मागच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

वस्तीतल्या मंडळींनी तिची शोकसभा ठेवली. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत मंडप घातला, स्टेज बांधलं. स्टेजवर पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, त्यांवर पाहुणे, आजी-माजी पदाधिकारी, आमच्यातले शिकून मोठे झालेले दोघं-तिघं. खाली ताडपत्रीवर उन्हात बायका, म्हाताऱ्या, अंगणवाडीतून मोठी झालेली पोरं. मंडपवाल्याच्या टेम्पोत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत तशीच बांधलेली होती. ती उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खाली बसलेल्यांपैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलंही नव्हतं. मी आईशेजारी ताडपत्रीवर बसले होते.

भाषणं सुरू झाली. ग्रामपंचायतीतली खुर्चीची गोष्ट तिघांनी सांगितली, तीन तऱ्हांनी. तिघांच्याही गोष्टीत शेवटी टाळ्या होत्या, मोडका पाय कुणाच्याच गोष्टीत नव्हता. मग एक तरुण पुढारी माईकवर आला आणि हात उंचावून म्हणाला, की या माउलीने आपल्या समाजाला खुर्चीवर बसायला शिकवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताडपत्रीवरूनच जास्त झाला.

माझ्या शेजारी हालचाल झाली. आई उठत होती. गुडघ्यावर हात टेकून, माझा खांदा धरून ती उभी राहिली. मला वाटलं उन्हाने जीव घाबरला असेल. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कधी कुणाला वाढायलाही हाक न मारलेली माझी आई स्टेजकडे बघून बोलली.

"माज्या बहिनीची सभा हाय ही. एक तर समद्यांना खुर्च्या काढा, न्हाईतर तुमी खाली या."

पुढच्या दोन-चार रांगांना ऐकू गेलं. मागे काही पोचलं नाही. स्टेजवरचे पाहुणे एकमेकांकडे बघून हसले, वाईट नाही, आदराने, म्हातारीला दुःख झालंय असं. तरुण पुढाऱ्याने माईक खाली केला नाही. तो हळुवार आवाजात म्हणाला, "आजींना कुणीतरी धरा. त्यांना खाली बसवा."

दोन बायका लगबगीने आल्या. बसा आजी, खाली बसा, असं म्हणत त्यांनी तिचे दंड धरले. आईने हात सोडवून घेतले. मी उठून तिच्याशेजारी उभी राहिले. भाषणं पुढे चालू झाली, आभार झाले, शेवटची प्रार्थना, सरणत्तय, झाली. सभा संपेपर्यंत माझी आई खाली बसली नाही.